सुरम्याचा दगड

मिदेल्त शहराजवळच्या गावात विहीर खणताना चकचकीत स्फटिकांचा दगड निघाला. तिलिलाच्या सासूबाई इत्तोंनी बघताक्षणी ओळखला. “सुरम्याचा आहे. उद्या कुटून बाळाच्या डोळ्यांत घालू.”

तिलिलाने बाळ छातीशी धरलं. दगड भलताच जड होता आणि फोडला की चौकोनी तुकडेच पडत होते. कॉलेजात शिकलेलं सगळं जुळत होतं.

“इम्मा, हे शिसं आहे. अंगात भिनतं, लेकराचा जीव घेतं.”

“चार बुकं शिकलीस आणि दगडालाही नावं ठेवायला लागलीस. मी माझ्या पाचही पोरांना...”

इत्तो बोलता बोलता थांबल्या. पाचांतला एकच जगला होता, तिलिलाचा नवरा.

त्यांनी दगड दूर सारला. “मी घालायचे, तो हाच का गं?”

“नाही इम्मा,” तिलिला म्हणाली. “तुमचा वेगळा असणार.”