जुनंच पान

क्रांतीनं पुन्हा सेव्ह केलं. पडद्यावर पत्रिकेचं तेच जुनं पान. थोरले चुलते हरिबाआबा, त्यांचं नाव त्यात नव्हतंच.

पत्रिका तिच्याच लग्नाची. पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करणाऱ्या, लग्नासाठी गावी आलेल्या पोरीला आपली पत्रिका आपणच मांडायची हौस. नावांची फाईल मात्र वेगळी, घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर उघडणारी, पान त्यातूनच नावं उचलायचं; कारण भावकीत रोज कुणीतरी रुसायचं आणि रोज एक नाव वाढायचं. तिचे वडील दादासो तर द्राक्षबागेतली फवारणी थांबवून त्यात नावं घालायचे.

सख्ख्या भावाचं तेवढं सोडून. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं भाऊ बोलेनासे झाले होते. "त्याचं नाव दिसलं, तर मी मांडवात यायचा न्हाई," असं दादासोंनी बजावलं होतं. पण लहानपणी क्रांतीला खांद्यावर घेऊन तासगावच्या गणपतीचा रथ दाखवला तो हरिबाआबांनीच. त्यांच्याशिवाय बोहल्यावर चढायचं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून आज तिनं गुपचूप फाईलीत, अगदी तळाला, व्यवस्थापकांच्या गर्दीत ते नाव घुसडलं होतं. पुढचं पुढं.

फोन वाजला. प्रेसवाला.

"ताई, द्या की पाठवून. मशीन दुसऱ्या कामाला लागलं तर आठवडा गेला बघा."

तिनं प्रोग्रॅम बंद करून उघडला. जुनंच पान. तिला रडूच फुटलं. मग ध्यानात आलं, हे सोंग फक्त मूळ पानातल्या बदलावर नजर ठेवतंय. नावांच्या फाईलीत जग बुडालं तरी याला पत्ता नाही. तिनं मूळ पानात उगाच एक स्पेस टाकली आणि सेव्ह केलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं.

पान बदललं. तिनं तळाला पाहिलं. व्यवस्थापकांत हरिबाआबा नव्हते. तिनं स्वतःच्या हातानं घातलेलं नाव कुणीतरी काढलं होतं. म्हणजे दादासोंनी पाहिलं! आता ना आबा, ना वडील. तिनं पान वर सरकवलं.

निमंत्रकांत पहिलंच नाव होतं, श्री. हरिबा ज्ञानू सावंत. दादासोंचं त्याच्याखाली.

दारात दादासो मोबाइल घेऊन उभे होते. तिच्याकडं न बघताच म्हणाले,

"थोरल्याला कुणी तळाला घालतं व्हय गं?"