सुबक बांधणी

“दावा फेटाळला,” कोर्टातला कारकून म्हणाला, “पानापानावर वादीची सही लागते. एकही नाही.” पुस्तकं बांधणारा बाइंडर खवळला. “डोळे फुटले का तुमचे? माझ्या लेकीनं सगळ्या पानांवर केलीय!” कारखान्याच्या यंत्रानं उजवा हात खाल्लेला, भरपाईच्या दाव्यासाठी पोरगी महिनाभर डाव्या हातानं सही गिरवत होती. कारकुनानं फाईल सरकवली. “दाखवा, काका. बांधणी मात्र झकास, लग्नाचा अल्बमच!” बाइंडरनं पानं उलटली, छाटलेल्या कडांवरून बोट फिरवलं. लेकीनं सह्या कडेच्या समासात केल्या होत्या. कोर्टाचं काम देखणं दिसावं म्हणून त्यानंच बांधून, जन्माच्या सवयीनं कडा छाटल्या होत्या; सह्यांसकट कातरण केरात गेलं. “नवीन करून आणतो.” “दुरुस्तीची नोटीस तुमच्या वकिलाला धाडली होती. मुदत संपली.” बाहेर लेक थांबली होती. “बाबा, काय झालं?” “सह्या चालल्या नाहीत म्हणे.” “वाकड्याच आल्या असतील मेल्या,” ती पुटपुटली. बापानं मान डोलावली.