डावरी गाठ

“लेस तू बांधायची नाहीस गं, दादाला बांधू दे. जमली की नदीवर नेईन, असा शब्द दिलाय मी,” मावशी नव्या ताईला म्हणायच्या. विशेष प्रौढांना निवासात सांभाळणाऱ्या त्या मावशी महिन्यापूर्वी वारल्या. ताईला मात्र दम धरवत नसे. चाळिशीच्या दादांच्या बुटाची लेस ती रोज बांधून मोकळी व्हायची. आज मावशींचा तोच आवाज इतका कानाशी आला, की तिचे हात मांडीवरच राहिले. दादा वाकले, अडखळले, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “अशी? बरं.” बोटं सरसर फिरली. ताईनं वाकून पाहिलं. ती मावशींचीच डावरी दुहेरी गाठ होती. “कुणी शिकवली, दादा?” “मावशींनी. म्हणतात, पोरीला दम धरता आला एकदाचा.” ताईनं मनात हात जोडले, दार उघडलं आणि दादांसोबत नदीची वाट धरली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.