सहावा दिवस

पिंपरीच्या दवाखान्यात दादासाहेब चुलत्यांनी गोरक्षला खोलीच्या दाराबाहेरच अडवलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, की डॉक्टरांनी आता देवावर हवाला ठेवायला सांगितलंय. अण्णांच्या छातीत पाणी झालंय. आज, उद्या, कधी काय होईल याचा भरवसा नाही.

"मन घट्ट कर," दादासाहेब म्हणाले. "थोरला तूच हायेस. दहाव्यापर्यंतचं समदं तुलाच करायचंय."

गोरक्षचा हात डोक्यावरच्या ढिल्या टोपीकडे गेला आणि तिला न शिवताच खाली आला. त्या टोपीखाली सहा दिवसांपूर्वी रोवलेले केस होते, मागच्या बाजूचे काढून पुढच्या टकलावर लावलेले. रहाटणीच्या खोलीत तो सहा रात्री उशांना टेकून बसल्या बसल्या झोपला होता. दर दोन तासांनी खाऱ्या पाण्याचा फवारा. खाली वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, डोक्यातून घालायचे कपडे नाहीत. खपल्यांना खाज सुटली की हात मांड्यांखाली दाबून बसायचं. चाकणच्या कंपनीत त्याने कावीळ झाल्याचं कळवलं होतं आणि घरी तर काहीच नाही. तीन स्थळांनी मुलगा वयस्क दिसतो म्हणून नकार दिला होता. चौथ्यापुढे हे डोकं न्यायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

दादासाहेब बोलत राहिले आणि गोरक्ष मनात दिवस मोजत राहिला. अण्णा आज गेले, तर दहावा केसांच्या सोळाव्या दिवशी येतो. घाटावर न्हावी बसलेला, सगळा गाव समोर, आणि थोरला लेक डोकं पुढे करायला नाही म्हणतोय. क्लिनिकच्या कागदावर तर जाड अक्षरांत छापलं होतं: महिनाभर वस्तरा लावू नये.

मोजणी पुरी झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बाप जाणार हे ऐकल्यावर आपल्या मनात पहिलं आलं ते हे. त्याला स्वतःची शिसारी आली. तरी भीती हटली नाही. बापाची कुठली आणि केसांची कुठली, हेही त्याला वेगळं करता येईना.

खोलीत त्याचे वडील ज्योतीराम डोळे मिटून पडले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि श्वास घशात घरघरत होता. गोरक्ष पलंगाच्या कडेला बसला तशी त्यांनी डोळे उघडले, लेकाला ओळखलं आणि उजवा हात उचलला. लहानपणापासूनची सवय. लेक भेटला की डोक्यावरून हात फिरवायचा, मग बाकीचं बोलणं.

गोरक्षने झटकन मान मागे घेतली.

हात तसाच हवेत राहिला. बाप आपल्याला शेवटचं शिवत असेल आणि आपण अंग चोरलं, असं गोरक्षच्या मनात आलं. ज्योतीरामांनी मास्क बाजूला सरकवला आणि काय लागलंय डोक्याला, असं विचारलं.  गोरक्षने दोन्ही हातांनी टोपी वर उचलली आणि काढून मांडीवर ठेवली.

कपाळाच्या वर लाल टिपक्यांच्या ओळी होत्या. प्रत्येक टिपक्यावर काळपट खपली आणि खपलीतून वर आलेला केसाचा खुंट. ज्योतीरामांनी जन्मभर कांदा लावला होता. ते बराच वेळ बघत राहिले.

"रोपं लावल्यागत दिसत्यात," ते म्हणाले. "पाणी देतोस?"

दर दोन तासांनी फवारतो, असं गोरक्ष म्हणाला.

"जीव कधी धरत्यात?"

"दहा दिवसांत धरतात, अण्णा. पण महिनाभर वस्तरा..." पुढचं त्याने गिळलं.  मरणाऱ्या माणसासमोर आपण काय बोलून बसलो, हे कळून त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. बाहेर दादासाहेब कुणाला तरी फोनवर निरोप देत होते, की अजून हायेत, पण तुमी निघा.

 ज्योतीरामांचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता. एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जाताना धाप लागली की थांबायचा, मग पुन्हा चालू लागायचा. गोरक्षला वाटलं अण्णा जप करताहेत.

"सहा झालं," ज्योतीराम म्हणाले. "ऱ्हायलं चोवीस. त्यातलं दहा माझ्या दहाव्याचं."

"अण्णा, नका ना."

"म्हंजी चौदा." त्यांनी अंगठा पेरावर तसाच दाबून धरला. "चौदा दिस काढाया पायजेत मला. टोपी घाल. धूळ बसंल."

मग त्यांनी स्वतःच मास्क ओढून नाकातोंडावर नीट बसवला, डोळे मिटले, आणि भांगलणीला पात धरून एकेक तण काढत पुढे सरकावं तसे एकेक श्वास घ्यायला लागले.