ओलं सिमेंट

“ऐकलाय की,” वायरमन म्हणाला, आणि अल्बमचं नाव सुचवणारा घड्याळवाला चपापला.

कारण तो अल्बम अस्तित्वातच नव्हता. सकाळी येताना फुटपाथच्या कडेला एक पाटी दिसली होती : ओलं सिमेंट, पाय देऊ नये. बँडचं नाव त्याने पाटीच्या पहिल्या अर्ध्यातून उचललं, अल्बमचं दुसऱ्यातून.

“मीपण ऐकलाय,” वहिनी म्हणाल्या. “दोनदा.”

चष्म्याचं दुकान वहिनींचं. सगळे त्यांना वहिनी म्हणत. दादा कुणी पाहिले नव्हते. वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी, शटर अर्धं ओढून, हे चौघं अक्षरांच्या तक्त्याखाली बसत आणि वर्षभरातल्या नव्या इंडी अल्बमांची यादी लावत. ज्यांच्या पाठीशी ना कंपनी ना नशीब, असे दहा. पहिला आलेला अल्बम मग सगळ्यांनी मिळून ऐकायचा. नियम एकच : ‘ऐकला नाही’ असं ज्याच्या तोंडून निघालं, तो बाहेर. गेल्या वर्षी पेंटर बोलून गेला. आता तो समोरच्या फुटपाथवरून जातो आणि कुणी मान वर करत नाही.

घड्याळवाल्याने या वर्षी काहीच ऐकलं नव्हतं. त्याचे कान हळूहळू मिटत गेले होते, आणि गेल्या महिन्यात पुरते मिटले. घड्याळ चालू आहे की बंद, हे तो आता तळहात टेकवून ओळखायचा. माणसांचं बोलणं ओठांवरून वाचायचा. म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायचा, म्हणजे समोरच्यांच्या तोंडावर उजेड पडे. वायरमनच्या मिशांचा तेवढा त्रास होता. वाढदिवसाला त्याने मुद्दाम वायरमनला वस्तरा दिला. वायरमनचे डोळे भरून आले, मिशा तशाच राहिल्या.

स्वतःचा आवाज किती चढलाय हे कळावं म्हणून तो गळ्यावर दोन बोटं ठेवून बोले. लोकांना वाटे, विचार करतोय.

“कसा वाटला?” त्याने गळ्यावर दोन बोटं ठेवून विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

“तिसरं गाणं,” वायरमन म्हणाला. “ते मधेच सगळं थांबतं ना, ते.”

“थांबतं म्हणजे काय, कळ येते छातीत,” वहिनी म्हणाल्या.

“पहिला बरा होता,” चौथे गृहस्थ म्हणाले. कुठल्याही बँडच्या कुठल्याही अल्बमबद्दल त्यांचं हेच मत असे, त्यामुळे त्यांचं नावच पहिलाबरा पडलं होतं.

“अहो, हा पहिलाच आहे त्यांचा.”

“याच्या आधीचा म्हणतोय मी,” पहिलाबरा शांतपणे म्हणाले. “शंभरच कॅसेटी काढल्या होत्या. तुम्हाला नसेल मिळाली.”

थाप एकट्याने मारली की निदान ती कुठवर गेलीय हे माहीत असतं. या थापेला आता थोरला भाऊसुद्धा झाला होता.

अल्बम दहाव्या नंबरावर गपचूप पडून राहील, असं त्याने धरलं होतं. वहिनींनी फळ्यावर सातवा लिहिला. मग म्हणाल्या, हे पाप होईल, आणि तिसरा केला. वायरमन म्हणाला, ड्रमवाल्यावर अन्याय होतोय. वहिनींनी तिसराही पुसला.

“एक नंबर मग. लावा आता.”

शटरखालून समोरचा फुटपाथ दिसत होता. रिकामा होता. तिथे पेंटरशिवाय आणखी एकाला आरामात जागा झाली असती.

“माझा घरी राहिला,” घड्याळवाला म्हणाला.

“राहू दे,” वायरमन म्हणाला. “माझ्या फोनमध्ये आहे ना.”

नसलेला अल्बम वायरमनने फोनमध्ये शोधला. त्याला तो सापडला. त्याने अंगठा दाबला. स्पीकर घड्याळवाल्याच्या शेजारच्या स्टुलावर होता, आणि त्यातून आता काय निघणार, हे खोलीत फक्त त्यालाच कळणार नव्हतं.

तिघांनी डोळे मिटले. वायरमन मान पुढेमागे हलवू लागला, वहिनी डावीउजवीकडे. पहिलाबरा अगदी सावकाश, कुणाला तरी नकार देत असल्यासारखे. तिघांचे तीन ताल.

घड्याळवाल्याने नकळत स्पीकरवर तळहात टेकवला. काही नाही. दाबून धरला. बंद पडलेल्या घड्याळासारखा गार. त्याने वाकून मागे पाहिलं. प्लग जमिनीवर पडला होता, बोर्डापासून हातभर लांब.

वायरमन प्लग लावायला विसरत नसतो.

घड्याळवाल्याने पुन्हा तिघांकडे पाहिलं. पहिलाबऱ्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. प्लग लावावा, की सांगावं, की शटरखालून वाकून निघून जावं? तो तोंड उघडणार, एवढ्यात वहिनींचे ओठ हलले. डोळे मिटलेले होते. गळ्यावर दोन बोटं होती.

“जरा कमी करता का आवाज, भावोजी? शेजारी झोपलेत.”

घड्याळवाल्याने स्पीकरचं बटण हळूहळू डावीकडे फिरवलं. वहिनींनी एक डोळा किलकिला करून त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि हात थांबल्यावर पुन्हा मिटून घेतला.

“आता कसं,” त्या म्हणाल्या. “आता शब्द कळतायत.”