गेटवरचं रजिस्टर

बिजलीबाई कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गेटचे गज दोन्ही हातांनी धरून उभी होती. पाठीशी सून, सुनेच्या कडेवर तान्ही पोर आणि कपाळावरून रक्त गळत असलेला म्हातारा नवरा देवीलाल. रस्त्याच्या वळणापलीकडे त्यांचा पारध्यांचा बेडा, झोपड्यांची सगळी वस्ती, जळत होता. गावात कोणाची तरी पाण्याची मोटार चोरीला गेली होती. चोर कोण हे ठरवायला गावाला अर्धा तास लागला होता आणि पेट्रोल आणायला तेवढाही नाही.

"गेट खोल, भाऊ," ती म्हणाली. "मांगून गाववाले येऊन राह्यले. एकालेबी ठेवत नाई म्हन्ते."

चौकीदार धर्मपालचा हात कडीवर गेला. तेवढ्यात ऑफिसच्या पायरीवरून मालकांचा आवाज आला.

"उघडू नको! हात काढ कडीवरचा!"

घनश्यामशेठ तसे दगडाच्या काळजाचे नव्हते. आज सकाळीच पेपर वाचताना केवढे तापले होते! आफ्रिकेत पुन्हा कत्तल सुरू झाल्याची बातमी होती. समोर बसलेल्या दोन व्यापाऱ्यांना ते टेबलावर हात आपटून सांगत होते, "एवढे पैसेवाले देश, एवढ्या फौजा, आन् नुसते पाहून राह्यले! सरळ घुसाले पायजे. मानसं मरून राह्यली त कायची सरहद्द?" मग त्यांनी धर्मपालला बोलावून व्यापाऱ्यांपुढे उभं केलं. "हा आमचा धर्मपाल. फौजेत होता. युनोकडून आफ्रिकेत गेलता." युनोची ती निळी टोपी त्यानं ड्युटीवर घालावी, हा हुकूमही शेठचाच. तेवढीच गेटची शान.

"तिथं काय केलं बावा तुमी?" एका व्यापाऱ्यानं विचारलं होतं.

"गेटवर होतो," धर्मपाल म्हणाला होता. सगळे खो खो हसले होते.

आता शेठ धोतर सावरत गेटपाशी आले. "आत कापसाच्या गंज्या हायेत. एक ठिणगी पडली त जिनिंग राहीन का? आन् मले याच गावात धंदा करायचा हाये. पोलिसाले फोन लावला, ते निंगाले. तवलग आपुन मधात पडाचं नाई. त्यायचा आपसातला मामला हाये."

धर्मपालच्या डोक्यात तिडीक गेली. हेच शब्द तिथे आफ्रिकेत वायरलेसवर इंग्रजीत आले होते. तिथेही गेट होतं, आणि गेटबाहेर बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. आतल्या गोऱ्या माणसांना ट्रकांत बसवून सामानसुमानासकट विमानतळावर नेलं आणि मागे कडी लावायला सांगितलं. कडी धर्मपालनंच लावली. दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याच्यापुढे वही सरकवली. त्यानं गेटबाहेरच्या प्रेतांचा आकडा लिहिला, दोनशे चौदा. त्यातल्या एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं.

इथे आत दहा फुटी भिंत होती, आगीसाठी पाण्याचं भरलेलं टाकं होतं आणि यंत्रं बंद करून बाहेर आलेले चाळीस मजूर होते. सगळे हाताची घडी घालून बघत होते. वळणावर काठ्या दिसू लागल्या.

"शेठजी, सकाळी काय म्हनत होते तुमी? घुसाले पायजे म्हनत होते ना?"

शेठचं तोंड लाल झालं. "अबे, ते तिकडचं होतं! तिकडचं आन् इकडचं एक हाये का?"

"तिथल्या साहेबालेबी ते तिकडचंच वाटत होतं."

धर्मपालनं कडी काढली. तिघांना दंडाला धरून पोरीसकट आत ओढलं, गेट लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पहिला दगड गजांवर आदळला.

"नोकरी गेली समज तुही!" शेठ ओरडले. "काढ त्यायले बाहेर! कोनाले इचारून घेतलं आत? इथं नोंदीबिगर मानूस येत नाई, मालूम नाई का तुले?"

"मालूम हाये."

त्यानं डोक्यावरची निळी टोपी काढली आणि शेठच्या हातात दिली. चौकीतून स्टूल आणलं, गेटला पाठ लावून बसला आणि मांडीवर रजिस्टर उघडलं. पाठीमागे गजांतून हात आत येत होते, आईबहिणीवरून शिव्या येत होत्या. कोणीतरी त्याच्या जातीचाही उद्धार करत होतं. त्यानं मान वळवली नाही.

"नाव सांगा, बाई."

"बिजलीबाई."

"पुरं सांगा."

तिनं सांगितलं. त्यानं लिहिलं. मग देवीलाल. मग सून, रामीबाई. अक्षर वाकडं येत होतं, कारण पाठीमागून गेट हादरत होतं. भीती अशी त्याला वाटतच नव्हती.

"पोरीचं?"

"ठेवलं नाई अजून," रामीबाई म्हणाली.

"त ठेवा. बिननावाचं म्या एकडाव लिवलं. आता लिवत नाई."

एक दगड धर्मपालच्या खांद्याला लागून खाली पडला. पोर रडायला लागली.

"निकिता," रामीबाई घाईघाईनं म्हणाली.

त्यानं निकिता लिहिलं. गाव लिहिलं, घड्याळात बघून वेळ लिहिली. शेठ हातात टोपी धरून वरून वाचत होते. आता एकच रकाना उरला होता, 'कोणाकडे आले'. धर्मपालनं पाठ गेटला आणखी घट्ट टेकवली आणि चारही ओळींपुढे आपलं नाव लिहिलं.