सुभेदारांचा सत्कार

दारू सोडायला पोलादी निर्धार लागतो, याबद्दल गावाचं एकमत होतं. हे एकमत गुत्त्यावर झालं होतं. त्यामुळे निवृत्त सुभेदार नाथाजींचा सत्कार ठरला, तेव्हा पहिली वर्गणी गुत्त्यावरूनच आली.

घरामागच्या उकिरड्यात रमच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या, तेव्हा गावाने फारसा तपास केला नव्हता. फौजी माणूस, कॅन्टीनचा कोटा. निकाल लागला. पुढे सुभेदारांनी कोटा आणणं बंद केलं आणि दर गुरुवारी नवरा-बायको रहिमतपूरला जाऊन साताऱ्याची एसटी धरू लागले. तिथे व्यसनमुक्तीची बैठक असे.

स्टँडवर पानवाला धुळा हटकायचा, "काय सुभेदार, अजून किती गुरुवार?"

"लागतील तेवढं," सुभेदार म्हणायचे आणि हरणाबाईंना खिडकीची जागा द्यायचे.

आता वर्ष झालं होतं. एक थेंब पोटात गेला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं बैठकीत बजावलेलं होतं.

मारुतीच्या पारावर फेटा, शाल, नारळ झालं. सरपंचांनी सुभेदारांना आधी सीमेवरचा वाघ केलं, मग स्वतःवर विजय मिळवणारा वीर. तेवढ्यात सुभेदारांच्याच पलटणीतला बाळासो उठला. त्याने पिशवीतून रमची बाटली काढली, बूच उघडलं आणि टेबलावर ठेवली.

"गड्या, वरीस झालं. आता एक घोट चालतोय रं. वैनी, तुमी न्हाई म्हनू नका."

वास पारभर पसरला. हरणाबाईंनी शेजारच्या रंगुबाईचं मनगट असं धरलं, की बांगडी पिचली.

सुभेदारांनी बाटलीकडे पाहिलंच नाही. ते हरणाबाईंकडे पाहत राहिले. मग हरणाबाईंनी मान हलवली. नाही.

सुभेदारांनी बाटली उचलली आणि पाराखालच्या गटारात रिती केली.

"हात बी कापला न्हाई बघा," धुळा म्हणाला. टाळ्या थांबेनात. गुत्त्यावरची मंडळी सगळ्यांत जोरात वाजवत होती.

"दोन शब्द बोला," सरपंच म्हणाले.

"म्या काय केलं न्हाई," सुभेदार म्हणाले. "केलं ते हिनं."

गावाला हा विनय फार आवडला. रंगुबाईने पदर डोळ्यांना लावला. "नवरा असा मानसात आनावा, बाई. लय सोसलंस."

घरी आल्यावर सुभेदारांनी शाल काढून हरणाबाईंच्या खांद्यांवर घातली. त्या चुलीपुढे बसून कितीतरी दिवसांनी मोकळं हसल्या.

"आवं, गावाला खरं सांगूया का आता?"

"नको. परत सत्कार ठेवतील. सरपंच परत बोलतील."

सुभेदारांनी जन्मात दारू चाखली नव्हती. सुटली होती ती हरणाबाईंची.